दुसऱ्या अंगणातून आलेले मूल



चिपळूणजवळच्या एका गावातील ही हकीगत आहे. सहा वर्षांची एक मुलगी आईच्या निधनानंतर आपल्या खालाच्या घरी राहावयास आली. वडील आखातात नोकरीस होते, दोन वर्षांतून एकदा येत. खालाला मूलबाळ नव्हते. मुलगी घरी आली त्या दिवशी खालाने शुक्राच्या दोन रकअती पढल्या, मोहल्ल्यात गोड वाटले, नवे कपडे शिवले. महिन्याभराने गादी उन्हात घालताना उशीच्या अभ्र्यातून तांदळाच्या भाकरीचे वाळलेले तुकडे खाली पडले. काही तुकड्यांना बुरशी आली होती. खालाला प्रथम राग आला आणि मग रडू कोसळले. “आम्ही हिला काय उपाशी ठेवतो? ताटात वाढलेले पुरेसे नसते काय?” असा प्रश्न तिने मला विचारला.

ताटात वाढलेले पुरेसे होते. कमी होता तो भरवसा. ज्या मुलीने एका सकाळी उठून पाहिले की आई आता कधीच चुलीपाशी दिसणार नाही, तिने स्वतःच्या बुद्धीप्रमाणे उद्याची तरतूद केली होती. भाकरी देणारा हात नाहीसा होऊ शकतो, हे तिला कोणी शिकविले नव्हते. तिने ते पाहिले होते.

आपल्या समाजात अशी मुले थोडी नाहीत. कोठे बहिणीचे मूल, कोठे दिवंगत भावाचे, कोठे आश्रमातून आणलेले एखादे अनोळखी बाळ. घेणाऱ्यांच्या मनात अल्लाहच्या प्रसन्नतेची इच्छा असते आणि त्यासोबत एक न बोललेली अपेक्षाही असते: मूल आले की घर भरून जाईल, ते आपल्याला अम्मी-अब्बा म्हणू लागेल, आणि मागचे सारे विसरेल. पहिल्या दोन अपेक्षा पुष्कळदा पूर्ण होतात. तिसरी होत नाही, आणि ती होऊ नये हेच मुलाच्या हिताचे असते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांचे बालपण आपण मीलादच्या सभांतून ऐकत आलो आहोत, परंतु एका मुलाचे बालपण म्हणून त्याकडे आपण क्वचितच पाहतो. जन्मापूर्वीच वडील गेले. पहिली काही वर्षे बनू सअद कबिल्यात ह. हलीमा यांच्या घरी गेली. तेथून ते आईकडे परतले, आणि सहा वर्षांचे असताना प्रवासात, अबवा येथे, आई आमिना यांचे निधन झाले. उम्मे ऐमन (र.) यांनी त्यांना मक्केस परत आणले. आजोबा अब्दुल मुत्तलिब यांच्या छायेत दोन वर्षे गेली, तेही निवर्तले, आणि मग चुलते अबू तालिब यांचे घर. आठव्या वर्षापर्यंत या बालकाने चार घरे पाहिली होती. सहीह मुस्लिममध्ये नमूद आहे की पुढे प्रौढपणी, प्रेषितत्वाची जबाबदारी खांद्यावर असताना, ते आपल्या आईच्या कबरीवर गेले, तेव्हा ते रडले आणि सोबतच्या लोकांनाही रडू आवरले नाही. अबू तालिब यांच्या घरात त्यांना प्रेम मिळाले नव्हते असे कोणीही म्हणू शकत नाही. तरीही आईची आठवण मनात तशीच राहिली होती. ज्या घराला वाटते की आमच्या प्रेमाने मुलाने जुने दुःख विसरावे, त्या घराने हा प्रसंग एकदा शांतपणे वाचावा.

पवित्र कुरआनात अशा मुलांच्या कथा ठिकठिकाणी आल्या आहेत. ह. मूसा (अलै.) फिरऔनच्या महालात पोहोचले, फिरऔनच्या पत्नीने त्यांना डोळ्यांचा थंडावा म्हटले, पण सूरह अल-कसस सांगते की त्या बाळाने एकाही दाईचे दूध घेतले नाही. तो अल्लाहचा निर्णय होता, त्यायोगे आईशी भेट घडणार होती, हे खरेच. तथापि ज्यांनी घरी आणलेले बाळ रात्रभर मांडीवर रडताना पाहिले आहे त्यांना त्या आयतीत आणखीही काही दिसेल. महाल होता, प्रेम करणारी स्त्री होती, आणि बाळ तोंड फिरवीत होते. ह. यूसुफ (अलै.) यांना विकत घेणाऱ्याने पत्नीला पहिली सूचना केली ती त्यांना सन्मानाने ठेवण्याची. आणि ह. मरयम (अलै.) यांच्या संगोपनाची जबाबदारी ह. जकरिया (अलै.) यांच्यावर सोपविल्याचे सूरह आलि इमरान सांगते, तेथे जो धातू योजला आहे त्यावरूनच ‘कफालत’ हा शब्द येतो. ते जेव्हा जेव्हा मेहराबमध्ये त्यांच्याकडे जात तेव्हा अन्न पाहून विचारपूस करीत, असे तेथे वर्णन आहे. कफील म्हणजे केवळ खर्च उचलणारा नव्हे. तो वारंवार जातो, पाहतो आणि विचारतो.

आता मूल घरी आल्यावर काय घडते ते पाहू. पहिले काही आठवडे बहुधा सुरळीत जातात. मूल सांगितलेले सर्व ऐकते, काही मागत नाही, सर्वांच्या मागे-पुढे राहते. पाहुणे म्हणतात, “किती शहाणे मूल आहे!” माझ्या मते सर्वाधिक काळजी करावी ती या शहाणपणाची. चार वर्षांचे मूल हट्ट करीत नाही, रडत नाही, दुसऱ्याचे खेळणे ओढत नाही, याचा अर्थ ते अजून पाहुणे आहे. हट्ट करण्यासाठी घर आपले वाटावे लागते. मग एक दिवस ते भांडे फोडते, खोटे बोलते, धाकट्याला चिमटा काढते, अंथरूण ओले करते. आणि घरातील मंडळी म्हणू लागतात की रक्ताचा गुण बाहेर आला. वास्तविक ते मूल एकच प्रश्न निरनिराळ्या रीतीने विचारीत असते: मी असा वागलो तरी तुम्ही मला ठेवाल काय? ज्याला एकदा सोडून दिले गेले, अथवा ज्याच्या बालमनाला तसे वाटले, तो ही परीक्षा घेतल्याखेरीज राहत नाही. अशा वेळी “नीट वागला नाहीस तर परत पाठवून देऊ” हे वाक्य थट्टेतही उच्चारू नये. शिस्त लावावी, अवश्य लावावी. परंतु घर हिरावून घेण्याची धमकी हे शिस्तीचे साधन नव्हे.

शिस्त कशी लावावी याचे उदाहरण प्रेषितांच्या (स.) घरातच आहे. ह. उम्मे सलमा (र.) यांचे पती ह. अबू सलमा (र.) उहुदच्या युद्धात जखमी झाले व पुढे त्याच जखमेने निवर्तले. त्यानंतर उम्मे सलमा (र.) यांचा विवाह प्रेषितांशी (स.) झाला आणि त्यांची मुले त्या घरात वाढली. त्यांपैकी उमर बिन अबी सलमा (र.) यांचे कथन सहीह बुखारीत आहे. लहानपणी जेवताना त्यांचा हात ताटात सर्वत्र फिरत असे. प्रेषितांनी (स.) त्यांना सांगितले की अल्लाहचे नाव घे, उजव्या हाताने जेव आणि आपल्या समोरचे खा. एवढेच. पाहुण्यांपुढे लाजविणे नाही, “तुझ्या घरी हेच शिकविले काय” असा टोमणा नाही. त्यानंतर आयुष्यभर आपली जेवणाची रीत तीच राहिली, असे ते स्वतः सांगतात. आणि त्यांचे नाव अखेरपर्यंत उमर बिन अबी सलमा असेच राहिले, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

येथे आपण त्या विषयाकडे येतो ज्यावर आपल्या घरांत सर्वाधिक गोंधळ आहे. इस्लाममध्ये दत्तक नाही, एवढे वाक्य सर्वांना पाठ असते. त्याचा अर्थ काय, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. आणि त्या अपुऱ्या ज्ञानाची शिक्षा मुलाला भोगावी लागते.

ह. जैद बिन हारिसा (र.) हे बनू कल्ब कबिल्याचे. आईसोबत तिच्या माहेरच्या लोकांकडे गेले असता लुटारूंनी त्यांना पकडले आणि उकाजच्या बाजारात ते गुलाम म्हणून विकले गेले. हकीम बिन हिजाम यांनी त्यांना आपली आत्या ह. खदीजा (र.) यांच्यासाठी विकत घेतले आणि खदीजा (र.) यांनी ते प्रेषितांना (स.) दिले. इकडे वडील हारिसा मुलाच्या शोधात वणवण करीत होते. हजच्या दिवसांत कल्बच्या काही लोकांनी मक्केत जैदना ओळखले. बातमी घरी पोहोचली आणि वडील व चुलते खंडणी घेऊन आले. प्रेषित (स.) म्हणाले की निर्णय जैदवर सोपवू, त्याने तुम्हाला निवडले तर खंडणीवाचून तुमचा, आणि मला निवडले तर मला निवडणाऱ्याला मी सोडणार नाही. जैदनी त्यांच्यापाशी राहणे पसंत केले. तेव्हा काबागृहापाशी नेऊन प्रेषितांनी (स.) त्यांना आपला मुलगा घोषित केले, आणि वडील समाधानाने परतले. हे प्रेषितत्वाच्या आधीचे आहे.

या प्रसंगात आपण जैदच्या निवडीवर थांबतो. मला त्यातील दुसरी बाब अधिक शिकविणारी वाटते. खरा पिता दाराशी आला तेव्हा सांभाळणाऱ्याने दार लावून घेतले नाही. मुलाला लपविले नाही, ओळख नाकारली नाही. आपल्याकडे मुलाचे नातलग भेटावयास आले की घरात ताण निर्माण होतो. मामा आला तर मुलाला ट्यूशनला पाठविले जाते. भीती ही की जुनी माया जागी होईल. ती जागीच असते. तिला भेटीची वाट मोकळी असली तर मूल दोन्ही घरांवर प्रेम करावयास शिकते. वाट बंद असली तर एका घरावर प्रेम करणे म्हणजे दुसऱ्याशी दगा, असे त्याला वाटू लागते. हा भार मुलाच्या मनाला सोसत नाही.

पुढे मदीनेत सूरह अल-अहजाबची चौथी व पाचवी आयत अवतरली. तोंडाने म्हटल्याने कोणी पुत्र होत नाही. अशांना त्यांच्या पित्यांच्या नावाने हाक मारा, तेच अल्लाहपाशी न्यायाचे आहे. आणि पिता ठाऊक नसेल तर ते तुमचे धर्मबंधू व स्नेही आहेत, असा त्यांचा आशय आहे. ह. अब्दुल्लाह बिन उमर (र.) सांगतात की तोवर आम्ही त्यांना जैद बिन मुहम्मद असेच म्हणत असू. आता ते पुन्हा जैद बिन हारिसा झाले. कल्पना करा, केवढे नाव त्यांच्या हातून गेले असेल! काही विद्वानांनी म्हटले आहे की त्या हानीच्या बदल्यात अल्लाहने त्यांचे नाव कुरआनातच आणले. सहाब्यांपैकी नावानिशी उल्लेख आहे तो एकट्या जैदचा, याच सूरहच्या सदतिसाव्या आयतीत. नाव बदलले, प्रेम बदलले काय? ह. आयशा (र.) यांच्या कथनानुसार ज्या ज्या पथकात जैदना पाठविले त्याचे नेतृत्व त्यांच्याकडेच दिले गेले. त्यांचे पुत्र उसामा (र.) यांना एका मांडीवर आणि नातू हसन (र.) यांना दुसऱ्या मांडीवर बसवून प्रेषित (स.) दोघांसाठी एकच दुआ करीत. शरीअतने जे बंद केले ते खोटे वंशनाम होते. मांडी बंद केली नव्हती.

आणि ज्याचा पिता ठाऊकच नाही त्याचे काय? ह. सालिम (र.) यांना ह. अबू हुजैफा (र.) यांनी मुलासारखे सांभाळले होते. आयत अवतरल्यावर त्यांना कोणाचा पुत्र म्हणावे हे ठाऊक नव्हते, म्हणून ते सालिम मौला अबी हुजैफा या नावाने ओळखले गेले. याच सालिमनी प्रेषितांच्या (स.) आगमनापूर्वी कुबा येथे पहिल्या मुहाजिरांची इमामत केली, कारण कुरआन त्यांना सर्वांत अधिक येत होते. मागे उभ्या असलेल्यांत मोठमोठ्या घराण्यांचे लोक होते. यमामाच्या युद्धात सालिम आणि अबू हुजैफा दोघेही शहीद झाले. आश्रमातून आणलेल्या मुलाकडे पाहून कुलशीलाची कुजबुज करणाऱ्यांना ही माहिती द्यावी.

तेव्हा मुलाला सत्य सांगावयाचे की नाही, हा प्रश्न आपल्यापुरता सुटलेला आहे. शिल्लक राहतो तो केव्हा आणि कसे एवढाच. अनेक पालक म्हणतात, जाणते झाल्यावर सांगू. मग दहावी येते, मग बारावी, मग निकाह ठरण्याची वेळ. आणि तोवर एखाद्या लग्नघरात कोणी दूरची फुफी ते सांगून मोकळी झालेली असते. पंधराव्या वर्षी हे परक्या तोंडून ऐकणाऱ्या मुलाला जन्मदात्यांच्या वियोगापेक्षा सांभाळणाऱ्यांच्या असत्याचा घाव अधिक खोल लागतो. इतकी वर्षे जे ऐकले त्यातले खरे किती, असे तो मोजत बसतो. म्हणून ही गोष्ट मुलाला आठवणारच नाही इतक्या लवकर सांगण्यास आरंभ करावा. जैदची कथा झोपताना सांगावी, मूसाची सांगावी, आणि मग “तूही असाच आमच्याकडे आलास” असे म्हणावे. तीन वर्षांचे मूल ते कथेसारखे ऐकते. सातव्या वर्षी ते विचारील, “माझ्या अम्मीने मला का दिले?” त्याचे उत्तर ठाऊक असेल तेवढेच द्यावे. जन्मदात्रीची निंदा करू नये आणि मनाने रचून गोडही सांगू नये. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणावे, आणि दोघांनी मिळून तिच्यासाठी दुआ करावी. दुआ करता येते, हा अशा मुलाला फार मोठा आधार असतो.

परंतु सत्य सांगणे निराळे आणि सत्याचा चाबूक करणे निराळे. “सख्खा नाहीस”, “पाळलेली आहे”, “आम्ही उचलले नसते तर कोठे असतास?” ही वाक्ये धार्मिक घरांतही ऐकू येतात. सूरह अल-बकराच्या 264 व्या आयतीत उपकार बोलून दाखविण्याने व मन दुखविण्याने दान व्यर्थ जाते असे बजावले आहे. एखादी व्यक्ती वीस वर्षे मूल सांभाळते आणि रागाच्या एका वाक्याने ती कमाई उधळून टाकते, याहून मोठा तोटा कोणता? सूरह अज्-जुहामध्ये प्रेषितांना (स.) त्यांचे स्वतःचे अनाथपण आणि त्यांना मिळालेला आसरा यांचे स्मरण देऊन मगच यतीमाला दडपू नका, अशी आज्ञा आली आहे. (फिकहच्या परिभाषेत यतीम तो ज्याचा पिता निवर्तला, पण आई गमावलेल्या मुलाचे दुःख परिभाषेची वाट पाहत नाही.)

दुसरा कठीण टप्पा वयात येण्याचा. मूल दुधाच्या वयाचे असते तेव्हा आपण नात्यांचा विचार करीत नाही. बाराव्या-तेराव्या वर्षी एकाएकी कोणीतरी मसला सांगतो की ही मुलगी घरधन्याला गैरमहरम आहे. त्या दिवसापासून ज्या मांडीवर ती खेळली ती व्यक्ती तिच्यापासून दूर बसू लागते. तिला कोणी काही समजावीत नाही. ती एवढेच समजते की मी काहीतरी चुकले, अथवा मी यांची नव्हतेच. पडद्याचा हुकूम अल्लाहचा आहे आणि तो पाळावयाचाच. परंतु तो असा वीज कोसळल्यागत अंगावर येऊ देणे ही आपली चूक आहे. याचे दोन उपाय आधीपासून हाती असतात. बाळ दोन वर्षांच्या आतले असेल तर रजाअतचा मार्ग आहे: मुलगा असेल तर पत्नीने किंवा तिच्या बहिणीने, मुलगी असेल तर पतीच्या बहिणीने दूध पाजल्यास ते मूल दुधाच्या नात्याने महरम होते. किती वेळा पाजावे यात मतभेद आहे. शाफई मसलकात पाच वेळा पाजणे आवश्यक मानतात, आणि आपले कोकणी बंधू बहुतांशी शाफई आहेत. हनफी मसलकात थोडे दूधही पुरेसे मानले जाते. आपल्या आलिमांना विचारून आणि लिहून ठेवून हे करावे, कारण या नात्यामुळे पुढे विवाहाचे प्रतिबंधही लागू होतात. दुसरा उपाय निवडीचा. पतीच्या भावाची किंवा बहिणीची मुलगी त्याला मुळातच महरम असते. पत्नीच्या भावाचा किंवा बहिणीचा मुलगा तिला. मूल घेतानाच हे ध्यानात ठेवले तर पुढची अडचण राहत नाही. आणि जेथे हे दोन्ही शक्य नव्हते, तेथे सात-आठ वर्षांपासून हळूहळू, प्रेमाच्या शब्दांत, मुलाला ही मर्यादा समजावीत जावे. मर्यादा वाढते तसा संवाद वाढला पाहिजे. आपल्याकडे नेमका उलट प्रकार घडतो.

वारशाविषयी थोडक्यात. सांभाळलेले मूल वारस होत नाही, परंतु वारस नसलेल्यासाठी मालमत्तेच्या एक-तृतीयांशापर्यंत वसीयत करता येते, आणि हयातीत ताबा देऊन हिबाही करता येतो. पुष्कळ सज्जन लोक उद्या करू म्हणत ही लिखापढी करीत नाहीत, आणि मग दफनविधीनंतर चाळिसाव्या दिवसाच्या आत त्या मुलाला त्याची जागा दाखविली जाते. मुलाच्या स्वतःच्या आईबापांकडून काही आले असेल तर त्याचा हिशेब वेगळा ठेवावा. सूरह अन्-निसाच्या दहाव्या आयतीत यतीमाचे धन खाणे म्हणजे पोटात आग भरणे होय असे सांगितले आहे, आणि सहाव्या आयतीत परत करताना साक्षीदार ठेवण्यास सांगितले आहे.

कागदपत्रांचेही तसेच. नात्यातले मूल तोंडी बोलण्यावर घरी आणले जाते, आणि शाळाप्रवेशाच्या वेळी पालक म्हणून सही कोणी करावी हा प्रश्न उभा राहतो. 1890 च्या पालक व पाल्य कायद्यानुसार न्यायालयाकडून पालकत्व घेता येते. त्यात मुलाचे वंशनाम अबाधित राहते, त्यामुळे कफालतच्या कल्पनेशी तो मार्ग अधिक जुळतो. 2015 च्या बाल न्याय अधिनियमानुसार कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला दत्तक घेता येते, पण त्यात मूल कायद्याने सर्वार्थाने दत्तक पालकांचेच होते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2014 मध्ये, त्या वेळच्या बाल न्याय कायद्याविषयी निर्णय देताना, हा पर्याय ऐच्छिक असल्याचे आणि आपल्या व्यक्तिगत कायद्यानुसार वागण्याची मोकळीक असल्याचे स्पष्ट केले आहे. 1989 च्या बालहक्क संहितेच्या विसाव्या कलमातही कफालतचा नावाने उल्लेख आहे.

आता पुन्हा त्या खालाकडे. सातव्या हिजरी वर्षी प्रेषित (स.) उमरा करून मक्केतून निघाले तेव्हा शहीद ह. हमजा (र.) यांची लहान मुलगी ‘चाचा, चाचा’ म्हणत मागे धावत आली. तिला सांभाळण्यासाठी तिघे पुढे झाले: ह. अली, ह. जाफर आणि ह. जैद (र.). अलींची ती चुलत बहीण, जाफरचीही चुलत बहीण आणि शिवाय त्यांच्या पत्नीची भाची, आणि जैद यांचे हमजांशी बंधुत्वाचे नाते जोडले गेले होते. प्रेषितांनी (स.) मुलीला तिच्या खालाकडे सोपविले आणि खाला आईच्या ठिकाणी असते असे सांगितले. मग ज्यांना मुलगी मिळाली नाही त्यांच्यासह तिघांनाही त्यांनी प्रत्येकाला शोभेल असा गौरवाचा शब्द दिला. मूल कोणाकडे जावे हे ठरविताना मोठ्यांचा हक्क नव्हे तर मुलाची माया पाहिली गेली, आणि मोठ्यांत कडवटपणा उरू नये याची काळजीही घेतली गेली. कारण तो कडवटपणा अखेर मुलाच्याच ताटात वाढला जातो.

चिपळूणच्या त्या घरात आणखी एक अडचण होती. दर शुक्रवारी आखातातून वडिलांचा फोन येई, आणि फोननंतर मुलगी दोन दिवस कोणाशी धड बोलत नसे. खालाला वाटे, फोनच बंद करावा. मी तिला एवढेच सुचविले की फोन चालू द्या, त्याची वेळ ठरवा, आणि फोन झाल्यावर तिला एकटी सोडू नका. रडली तर रडू द्या, जवळ बसा. भाकरीबद्दल काही बोलू नका. स्वयंपाकघरातील फळीवर तिच्या नावाचा एक डबा ठेवा, त्यात रोज भाकरी, गूळ, काजू असू द्या, आणि तिला सांगा की रात्री उठून खाल्लेस तरी चालेल, विचारण्याची गरज नाही. मरहूम आईची एक ओढणी खालाने कपाटात जपून ठेवली होती, मुलीला दिसू नये म्हणून. ती तिच्या उशाशी द्यावी असेही सांगितले. यावर खाला बराच वेळ गप्प राहिली. ती ओढणी तिच्याही बहिणीची होती.

डबा पहिले काही दिवस रोज रिकामा होई. नंतर आठवड्यातून एकदा. वर्षभराने त्यात मुंग्या झाल्या तेव्हा कोणाला त्याची आठवण आली. मुलीने खालाला अम्मी कधी म्हटले नाही; ती खालाच म्हणत राहिली, आणि खालानेही हट्ट धरला नाही. खालू तिला महरम नव्हते, हे तिला आठव्या वर्षापासून ठाऊक होते, म्हणून वयात येताना घरात काही तुटले नाही. शाळेच्या वेळापत्रकापासून ते परीक्षेच्या शुल्कापर्यंत सारे खालूंकडेच राहिले, मधे फक्त ओढणी आली.

गेल्या वर्षी तिचा निकाह झाला. वडील आखातातून आले होते. वली तेच होते आणि काझी साहेबांनी त्यांच्याच नावाने तिचे नाव उच्चारले. निकाहनाम्यावर साक्षीदार म्हणून खालूंनी सही केली. सही करताना त्यांचा हात थरथरत होता, म्हणून काझी साहेबांनी कागद थोडा वेळ धरून ठेवला.